दुहेरी प्रचक्राची कुळकथा

पुण्याहून सोलापूर, उमरगा या वाटेने हैदराबादेस जाणारा हमरस्ता आणि बीदरहून कलबुर्गीस जाणारा रस्ता हे दोन्ही हुमनाबाद येथे एकमेकांना छेदतात. या चौरस्त्यावरून उसाच्या आणि तुरीच्या मालमोटारी जातात, तशीच माणिकनगर, मैलार आणि गाणगापूर या क्षेत्रांची वाट धरणारी मराठी कुटुंबेही जातात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी आणि कन्नड या भाषा एकाच अंगणात नांदत आल्या आहेत. त्यामुळे येथील मोटारदुरुस्तीच्या दुकानांत गिऱ्हाईक मराठीत गाऱ्हाणे सांगते, मिस्त्री दखनीत उत्तर देतो आणि हाताखालच्या पोराकडे पाना मागतो तो कन्नडात, असे सहज घडते.

या दुकानांत येणाऱ्या गाऱ्हाण्यांपैकी एक गाऱ्हाणे मात्र तुलनेने नवे आहे. दहा-पंधरा वर्षे वापरलेली एखादी डिझेल मोटार उभ्या जागी चालू असता गिअरपेटीच्या बाजूने खडखडते. किल्ली फिरवून एंजिन बंद करताना खालून धप्प असा हिसका बसतो. चढावर वरच्या गिअरात गाडी ओढू लागली की सर्वांग थरथरते. मिस्त्री कान देऊन ऐकतो आणि सांगतो, "फ्लायव्हील गेले." या दोन शब्दांचे मोल मोठे असते. कारण या मोटारींतील हा एक भाग बहुधा क्लचच्या सबंध संचाहूनही महाग पडतो आणि तो काढावयाचा तर गिअरपेटी खाली उतरवावी लागते. निदान खरे असेल, तर खर्च अटळच म्हणावयाचा. परंतु ते खोटे ठरले, तर मालकाचा पैसा जातो आणि खडखड तशीच राहते. असे खोटे निदान का होते, याचा शोध मिस्त्रीच्या अज्ञानात घेण्यापेक्षा त्या चाकाच्या इतिहासात घेणे अधिक न्यायाचे होईल.

फ्लायव्हीलला मराठी शास्त्रीय परिभाषेत प्रचक्र म्हणतात. नाव जड असले, तरी वस्तू अगदी घरगुती आहे. वेगात आलेले जड चाक सहसा थांबत नाही. मिळालेली शक्ती ते आपल्या फिरण्यात साठवून ठेवते आणि पुढचा जोर मिळेपर्यंत ती थोडी थोडी परत देते. कुंभार काठीने चाकाला गरगर फिरवितो आणि काठी बाजूला ठेवून दोन्ही हात मातीला लावतो. काठीचा जोर क्षणाचा असतो, पण चाकाची गती घट उतरेपर्यंत पुरते. प्रचक्राचे सारे तत्त्व एवढ्यात आले. या मुलखाला तर त्या चाकाची ओळख संतांच्या नावांनीच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेरचे गोरोबाकाका हे महाराष्ट्राचे आणि बाराव्या शतकातील शिवशरण कुंभार गुंडय्या हे परंपरेने भालकीचे. दोन भाषांचे हे दोन भक्त एकाच चाकावर पोट भरीत होते.

कुंभाराच्या चाकानंतर शेतकऱ्याच्या अंगणात जे प्रचक्र आले, ते कडबा कापण्याच्या यंत्राचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावास लहानसा कारखाना काढला, तेव्हा त्यांच्या पहिल्या मालात कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर हे होते. १९१० मध्ये हा उद्योग किर्लोस्करवाडीस गेला. कडबाकुट्टीच्या जड चाकाला पाती बसविलेली असतात. माणूस मूठ धरून ते फिरवितो. पाते कडब्यात शिरते त्या क्षणी लागणारा जादा जोर त्याच्या दंडातून येत नाही, तो चाकात आधीच साठलेला असतो.

पुढे विहिरींवर तेलाची एंजिने बसली, तेव्हा हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसली. मंद गतीच्या त्या एंजिनांना दोन्ही बाजूंस माणसाच्या कमरेइतकी चाके असत. हँडल लावून प्रथम झडप उचलून धरावयाची, चाकांना वेग द्यावयाचा आणि मग झडप सोडावयाची. साठलेल्या वेगाने दट्ट्या दाबावर चढे, तेल पेटे आणि एंजिन ठोके देऊ लागे. ठोक्याठोक्यांमधले अंतर कानांनी मोजता येई आणि त्या अंतरात यंत्र थांबू न देण्याचे काम ती चाके करीत. या शेतकऱ्यांच्या पोरांनीच पुढे मोटारी दुरुस्त करावयास घेतल्या असतील, तर प्रचक्र हे त्यांना कोणी नव्याने शिकवावे लागले नसणार.

कारखान्यांच्या जगात प्रचक्राला प्रतिष्ठा मिळाली ती वाफेच्या एंजिनामुळे. जेम्स वॉटचे आरंभीचे एंजिन वरखाली हलणारे असल्यामुळे ते खाणीतील पाणी उपसण्यास योग्य होते. गिरणी चालवावयाची तर फिरती गती हवी. वॉटने १७८१ मध्ये त्यासाठी दंतचक्रांच्या योजनेचा एकस्व हक्क घेतला आणि एंजिनाच्या जोडीला जड प्रचक्र बसविले, तेव्हा वाफेचा तुटक जोर सलग गती बनला. या नव्या शक्तीची वार्ता दख्खनच्या या भागात रेल्वेबरोबर आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग गुलबर्ग्यावरून १८७१ मध्ये रायचुरास पोहोचला आणि १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादेस फाटा निघाला. त्याच शतकाच्या अखेरच्या भागात निजाम मीर महबूब अली खान यांच्या नावाची कापडगिरणी गुलबर्ग्यात उभी राहिली. पुढे ती बंद पडली, पण कोरडवाहू शेतीच्या या जिल्ह्याला यंत्राच्या शिस्तीची पहिली ओळख करून देणाऱ्या संस्थांत तिची गणना करावी लागेल.

मोटारीत प्रचक्र आले ते मोटारीच्या जन्माबरोबरच. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या जानेवारीत ज्या तीनचाकी गाडीचा एकस्व हक्क घेतला, तिच्या मागील बाजूस एक मोठे आडवे प्रचक्र होते आणि ते हातांनी फिरवूनच गाडी सुरू करावी लागे. चार धावांच्या एंजिनात भुजादंडाचे दोन फेरे होतात, तेव्हा एका सिलिंडरात एकदाच स्फोट होतो. उरलेल्या तीन धावांत दट्ट्या काम करीत नाही, उलट काम मागतो. ही उसनवारी प्रचक्र भागविते. चार सिलिंडरांच्या एंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. मिनिटाला आठशे फेऱ्यांनी एंजिन उभ्या जागी चालू असेल, तर सेकंदाला सुमारे सत्तावीस धक्के भुजादंडास बसतात. हे धक्के गिअरपेटीपर्यंत जसेच्या तसे पोहोचले, तर दातांवर दात आपटून ती खडखडू लागेल.

हैदराबाद संस्थानात मोटारींची पद्धतशीर व्यवस्था झाली ती १९३२ मध्ये. त्या वर्षीच्या जून महिन्यात निजाम सरकारच्या रेल्वेने २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्ता-वाहतुकीचे खाते सुरू केले. सरकारी मालकीच्या मोटारसेवेचा देशातील हा अगदी आरंभीचा प्रयोग होय. ग्लासगोच्या आल्बियन कंपनीच्या गाड्या त्या ताफ्यात होत्या. बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे तेव्हा याच संस्थानात होते. १९५१ च्या १ नोव्हेंबरला हे खाते रेल्वेकडून राज्य सरकारकडे आले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला संस्थानाचे त्रिभाजन होऊन हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हा मराठी भाग मुंबई राज्यास जोडला गेला. राज्ये बदलली, पाट्या बदलल्या. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. परंतु दुरुस्तीच्या विद्येची परंपरा उस्तादाकडून शागीर्दाकडे, भाषेची सीमा न मानता, चालतच राहिली. तिची गरजही मोठी होती. बीदर आणि कलबुर्गी यांना थेट जोडणारा सुमारे ११० किलोमीटरांचा लोहमार्ग पुरा होऊन राष्ट्रास अर्पण झाला तो २०१७ च्या ऑक्टोबरात. तोपर्यंत या दोन शहरांमधला थेट व्यवहार मोटारीच्या चाकांवरच चालत होता.

या परंपरेत प्रचक्राविषयी जे शहाणपण जमा झाले, ते एकेरी प्रचक्राचे होते. एकेरी प्रचक्र म्हणजे ओतीव लोखंडाची एक जाड, घट्ट तबकडी. तिच्या पोटात हलणारे असे काही नसते. फार तर तिच्या तोंडावर क्लचप्लेटचे घर्षण होऊन चरे पडतात, उष्णतेने निळे डाग उठतात किंवा कडेच्या कंकणाचे दात झिजतात. तोंड खराब झाले, तर ती लेथवर चढवून पातळ कात काढावयाची. दात गेले, तर कंकण तापवून नवे बसवावयाचे. तबकडी हाताने हलवून पाहिली आणि ती हलली, तर बोल्ट सैल आहेत एवढाच त्याचा अर्थ. कान, हात आणि लेथ या तीन साधनांवर हे शास्त्र पुरे होत होते. ते खोटे नव्हते. ज्या वस्तूसाठी ते जन्मले, तिला ते अगदी चोख लागू पडत होते.

वस्तूच बदलली ती युरोपात, १९८० नंतरच्या दशकात. इंधन महाग झाल्यामुळे मोटारी हलक्या होत होत्या, एंजिने कमी फेऱ्यांवर अधिक ओढू लागली होती आणि गिअरपेट्यांत घातले जाणारे तेल पातळ होत चालले होते. यांमुळे जे धक्के पूर्वी जडपणात आणि घट्ट तेलात विरून जात, ते आता ऐकू येऊ लागले. त्यांतच अनुस्पंदनाची भर पडली. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके धक्के दिले, तरी तो उंच जातो. तद्वत एंजिन, प्रचक्र आणि गिअरपेटी यांच्या मालिकेलाही पीळ घेण्याची एक स्वतःची लय असते. क्लचप्लेटमध्ये स्प्रिंगा बसविण्याची जुनी युक्ती होतीच, परंतु तिने ही घातक लय मिनिटाला एक-दोन हजार फेऱ्यांच्या टापूतच राही, म्हणजे नेमक्या रोजच्या वापराच्या वेगात.

तेव्हा अभियंत्यांनी चाकाचे दोन भाग केले. एक भाग भुजादंडाला घट्ट जोडला. दुसरा, क्लच वाहणारा भाग धारव्यावर मोकळा ठेवला. दोहोंच्या मध्ये ग्रीसने भरलेल्या वर्तुळाकार खोबणीत लांब, वाकविलेल्या स्प्रिंगा बसविल्या. एंजिनाचा धक्का पहिला भाग घेतो, स्प्रिंगा दबतात आणि दुसऱ्या भागापर्यंत सौम्य गतीच पोहोचते. या रचनेमुळे ती घातक लय तीन-चारशे फेऱ्यांपर्यंत खाली ढकलली गेली. एंजिन उभ्या जागी चालते तेही याहून वेगाने, म्हणून ती लय वाटेतून दूर झाली. जर्मनीतील लूक कंपनीने १९८५ मध्ये अशा दुहेरी प्रचक्राचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू केले. १९८९ मध्ये आउडी कंपनीने थेट सिलिंडरात तेल फवारणारे डिझेल एंजिन मोटारीत आणले आणि १९९७ मध्ये इटलीच्या आल्फा रोमिओ गाडीत सामाईक नळीतून प्रचंड दाबाने तेल फवारण्याची पद्धती आली. या जोरकस एंजिनांचे धक्के पचविण्यास दुहेरी प्रचक्र जवळजवळ अपरिहार्य झाले. नव्या शतकात या जातीच्या मोटारी भारतात आल्या आणि शहरांत काही वर्षे वापरल्या गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, म्हणजे बीदर-कलबुर्गीसारख्या जिल्ह्यांकडे वळल्या.

दुहेरी प्रचक्र झिजते कसे, हे त्याच्या रचनेवरूनच कळते. घातक लय खाली ढकलली गेली, नाहीशी झाली नाही. एंजिन सुरू होताना आणि बंद होताना प्रत्येक वेळी त्या लयीतून जातेच. म्हणून बॅटरी दुबळी असेल आणि स्टार्टर रेंगाळत एंजिन फिरवीत असेल, तर प्रत्येक सकाळी स्प्रिंगांना नाहक मार बसतो. कलबुर्गीच्या काळ्या मातीच्या सपाटीवरून बीदरच्या तांबड्या पठाराकडे येताना रस्ता दोनशे मीटरांहून अधिक चढतो. गाडीत माणसे आणि सामान भरलेले, गिअर बदलण्याचा कंटाळा, आणि हजार-बाराशे फेऱ्यांवर वरच्या गिअरात एंजिन कण्हत ओढते आहे, ही अवस्था स्प्रिंगांना सर्वांत जाचक. यात्रेच्या गर्दीत क्लच अर्धा दाबून गाडी सरकवीत राहिले, तर तबकडी तापते, आतले ग्रीस पातळ होऊन बाहेर येते किंवा वाळते आणि स्प्रिंगा कोरड्या घासू लागतात. या मुलखातील उन्हाळा चाळिशीपलीकडे जातो, तोही या तापात भर घालतो.

आता निदानाकडे वळावयाचे. संतचरित्रांत अशी कथा सांगतात की, संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने गोरोबाकाकांना कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याची पारख करावयास सांगितले. काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले. मडक्याला टिचकी मारून नादावरून त्याची भाजणी ओळखणे, ही खरोखरीची कला आहे. मडके एकजिनसी असते, म्हणून त्याचा नाद खोटे बोलत नाही. एकेरी प्रचक्राच्या काळातील मिस्त्रीचा कान याच जातीचा होता. परंतु ज्याच्या पोटात स्प्रिंगा, ग्रीस, धारवा आणि दोन वस्तुमाने आहेत, त्याचा नाद अनेकांचा मिळून होतो. शिवाय त्याच्या शेजाऱ्यांचे नादही त्याच्यासारखेच असतात. येथेच जुन्या विद्येची फसगत होते.

उदाहरणार्थ, उभ्या गाडीत क्लच दाबताच खडखड थांबली, तर दोष गिअरपेटीच्या आतील धारव्यात असू शकतो, अथवा एंजिनाचे धक्के पेटीपर्यंत पोहोचल्यामुळे दात वाजत असतील. दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर संशय प्रथम क्लचच्या रिलीज बेअरिंगवर जावयास हवा. गाडी बंद करतानाचा हिसका हे दुहेरी प्रचक्राच्या झिजेचे प्रसिद्ध लक्षण खरे, पण एंजिनाचे रबरी फाउंडेशन फाटले असेल, तरी तसाच हिसका बसतो. चढावरील थरथर तर चारांपैकी एका नोझलने तेल कमी-अधिक फवारले तरी येते. किंबहुना आजारी नोझल हा दुहेरी प्रचक्राचा छुपा वैरी होय. विषम धक्क्यांनी तो स्प्रिंगा झिजवितो आणि नवे प्रचक्र बसविले तरी तेही लवकर खातो. मूळ रोग तसाच ठेवून त्याने पाडलेली जखम तेवढी शिवावी, असे हे होते.

म्हणून निदानाला क्रम हवा, आणि तो स्वस्ताकडून महागाकडे जाणारा हवा. प्रथम मालकास विचारावे की आवाज कधी येतो. थंड असता की तापल्यावर, सुरू करताना की बंद करताना, कोणत्या गिअरात आणि किती फेऱ्यांवर. दुसरी पायरी बॅटरीची. स्टार्टर फिरत असता बॅटरीचा दाब साडेनऊ-दहा व्होल्टांच्या खाली जात असेल, तर आधी तिचा आणि जोडण्यांचा बंदोबस्त करावा. तिसरी पायरी एंजिनाच्या समतोलाची. नोझलांच्या परतीच्या नळ्यांना एकसारख्या बाटल्या लावून ठरावीक वेळात कोणत्या बाटलीत किती डिझेल जमते ते पाहिले, की आजारी नोझल बहुतेक वेळा उघडे पडते. गाडीच्या संगणकाशी बोलणारे यंत्र दुकानात असेल, तर सिलिंडरांमधला फरक त्यावरही दिसतो. चौथ्या पायरीस फाउंडेशन आणि चाकांकडे जाणारे दांडे पाहावेत. या चारही पायऱ्यांना गिअरपेटी उतरवावी लागत नाही आणि त्यांचा खर्च प्रचक्राच्या मानाने किरकोळ असतो. एवढे निर्दोष ठरल्यावरही लक्षणे उरली, तरच पेटी खाली घ्यावी.

पेटी खाली आल्यावर कानाचे काम संपते आणि डोळ्यांचे व मापाचे सुरू होते. क्लचच्या कोठीत ग्रीसचे शिंतोडे किंवा धातूची भुकटी आहे काय, तबकडीवर निळे डाग किंवा भेगा आहेत काय, कंकणाचे दात कसे आहेत, हे पाहावे. मागच्या सीलमधून गळणारे एंजिनचे तेल आणि प्रचक्रातून उडालेले ग्रीस यांत गल्लत होऊ देऊ नये. अंगावर ग्रीसचा थोडासा ओलावा असला, एवढ्यावरून प्रचक्र बाद ठरत नाही. यानंतर मुख्य परीक्षा. पहिला भाग स्थिर धरून दुसरा भाग डावी-उजवीकडे फिरवावयाचा. स्प्रिंगांचा विरोध लागेपर्यंत तो जितका मोकळा फिरतो, तितकी त्याची मोकळीक. ती अंशांत किंवा कंकणाच्या किती दातांइतकी भरते, हे मोजावयाचे. मग तबकडीची कड आतबाहेर किती झुकते, हे डायल गेज लावून पाहावयाचे.

अनुभवी हात नेमका येथेच चुकतो. एकेरी प्रचक्रात हालचाल म्हणजे दोष, असा त्याचा जन्माचा संस्कार असतो. दुहेरी प्रचक्रात काही हालचाल ही दोष नसून रचनेचा भाग असते. काही प्रकारांत ती थोडी असावी लागते, काहींत बरीच. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. प्रत्येक क्रमांकाच्या प्रचक्राची मर्यादा निर्मात्याने वेगळी ठरविलेली असते आणि ती त्याच्या कोष्टकात पाहूनच निर्णय करावा लागतो. याच्या उलट चूकही होते. दुसरा भाग हाताने किंचितही हलत नाही, तेव्हा तो मजबूत आहे असे समजून तसाच ठेवला जातो. पण तो आत जाम झालेलाही असू शकतो. हाताच्या जोराने स्प्रिंगा दबत नाहीत, त्यासाठी लांब दांड्याचा आधार घ्यावा लागतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. नव्या वस्तूला जुन्या वस्तूचे माप लावले गेले.

लेथच्या बाबतीतही तसेच. एकेरी प्रचक्राला लेथ संजीवनी होती. दुहेरीच्या तोंडावरील कात काढण्यास निर्माते बहुधा मनाई करतात, कारण मोकळ्या भागाचा समतोल आणि जाडी यांवर सारी योजना उभी असते. काही ठिकाणी खर्च वाचविण्यासाठी दुहेरी काढून एकेरी प्रचक्र आणि स्प्रिंगांची क्लचप्लेट बसविली जाते. हा उपाय स्वस्त आणि टिकाऊ भासतो, आणि काही गाड्यांसाठी तशी जोडणी तयारही मिळते. परंतु त्यामुळे जे धक्के स्प्रिंगांत जिरत होते, ते आता गिअरपेटीकडे जाऊ लागतात. खडखड वाढते आणि पेटीच्या आयुष्याची शाश्वती कमी होते. हा सौदा करावयाचा की नाही, हे मालकाने ठरवावे. मात्र सौदा काय आहे हे त्यास आधी सांगणे, ही दुकानाची जबाबदारी होय. दुहेरी प्रचक्र खरोखरच मर्यादेबाहेर झिजले असेल, तर त्याची हयगयही परवडणारी नाही. ते आतून फुटले, तर क्लचची कोठी फुटण्यापर्यंत पाळी येते आणि औरादकडून रुग्ण घेऊन बीदरास निघालेली गाडी मध्येच उभी राहते.

डिझेल मोटारींचा तो बहराचा काळ आता ओसरला आहे. प्रदूषणाचे भारत-६ हे कडक मान १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले आणि काही मोठ्या कारखान्यांनी लहान डिझेल मोटारी बनविणेच सोडून दिले. त्यामुळे जुन्या डिझेल गाड्या यापुढेही काही वर्षे धावतील त्या प्रामुख्याने अशाच जिल्ह्यांतून, जेथे मोटार ही चैन नसून शेतमाल, यात्रा, लग्न आणि इस्पितळ या सर्वांची एकच वाहतूक असते. त्या गाड्यांचे आयुष्य आता कारखान्यांपेक्षा चौरस्त्यांवरील मिस्त्रींच्या हाती अधिक आहे. या मिस्त्रींचे पूर्वज तेलाच्या एंजिनाचे ठोके ऐकून त्याची प्रकृती सांगत असत. तो कान टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. त्याने संशय घ्यावा, आणि संशयाचा निवाडा मापाने करावा. प्रचक्र बदलण्यास सांगणाऱ्या दुकानात मालकाने दोनच प्रश्न विचारावेत. नोझल आणि बॅटरी पाहिली काय, आणि मोकळीक किती भरली व मर्यादा किती आहे. ज्या दुकानात या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळतात, तेथे गाडी निर्धास्तपणे सोडावी.